तिसऱ्या मजल्यावरची रेघ

पोलंडातल्या वूच शहरात, बंद पडलेल्या एका गिरणीत
आमची छपाईची कार्यशाळा आहे.
मी जाळ्या धुतो. बावीस वर्षं.
रंग कुणाचाही असो, शेवटी माझ्याच मोरीतून जातो.

दर फेब्रुवारीत मुलं तोच कागद घेऊन येतात :
'तीन हयात कलावंत निवडा,
त्यांच्याकडून काही घ्या, आठ मीटर कापड छापा.'
घ्या म्हणजे काय, ते कागदावर नसतं.
कुणी रंग उचलतं, कुणी आकार,
कुणी तर अख्खा माणूसच गुंडाळून आणतं.

बोग्नाने तिघं आणले.
एक ग्दिनियाचा, मासेमारीची फाटकी जाळी टांगून
प्रत्येकीला तारीख देणारा.
एक बाई, खिडकीवरचं दंव
रोज पहाटे तळहाताएवढ्या कागदावर उतरवणारी.
आणि कालिना व्झोस. हिच्याबद्दल बोलताना
बोग्ना हातातला स्पंज पिळायचा विसरायची.

पहिलं कापड देखणं झालं, खोटं कशाला सांगू.
हाल्श्काबाईंनी चष्मा कपाळावर नेला,
कडेकडेने चालत गेल्या, परत आल्या.
'जेवण छान आहे,' म्हणाल्या,
'पण तिन्ही डबे शेजारचे. तुझी चूल कुठंय?'

बोग्ना रडली नाही. माझ्याकडे सिगारेट मागितली,
मी ओढत नाही म्हटल्यावर
पेपरमिंटवर भागवलं.

शनिवारी ती कालिनाच्या प्रदर्शनाला गेली.
शिडीवर एक बाई ट्यूब बदलत होती.
'कालिनाबाई कधी येतील?'
'ही लागली की.'
मग दोघी शिडीच्या पायथ्याशी बसल्या म्हणे.
सुचतं कुठून, हिने विचारलं.
'घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही.
म्हणून भिंतच बघत बसले, चार वर्षं.
तुझा जिना कसा आहे?'

आता जिना कसा असणार!
या शहरातल्या जुन्या इमारतींत असतो तसाच :
खांद्यापर्यंत हिरवा तैलरंग, वर चुना,
थंडीतले ओले कोट घासले तरी पुसता यावं म्हणून.
आणि हिरवा संपतो तिथे एक रेघ,
जिच्याकडे मीही जन्मात बघितलं नव्हतं.

रविवारी तळमजल्यापासून
बोग्ना रेघेवर बोट ठेवून चढत गेली.
पहिल्यावर सरळ, सुतात.
दुसऱ्यावर सायकली टेकवून टेकवून खरवडलेली,
आत जुना तपकिरी, त्याच्याही आत निळा.
तिसऱ्यावर रंगारी बदलला असावा,
किंवा नुसतीच दुपार झाली असावी :
रेघ चार बोटं खाली घसरते
आणि काही झालंच नाही अशी पुढे जाते.
चौथ्यावर कुणा पोराने पेन्सिलीने उंची मांडलेली,
रेघेखाली, रेघेखाली, रेघेवर,
मग नाही.

नवं कापड आम्ही दोघांनी छापलं.
हिरवा, पांढरा, आत कुठेकुठे खरवडलेला निळा.
दुसरी जाळी उचलली आणि मी ओरडलोच,
'थांब! जोड चुकला, चार बोटं!'
बावीस वर्षांची खोड.
ती रंग ओढत राहिली.
'चुकला नाही, काका. तिसरा मजला आला.'

परीक्षेच्या दिवशी कापड आडवं टांगलं,
रेघ खांद्याच्या उंचीवर.
हाल्श्काबाई चालत गेल्या. जोडापाशी थबकल्या
आणि कापडाला खांदा लावून जराशा बाजूला झाल्या,
वरून कुणी पिशव्या घेऊन उतरत असल्यासारख्या.
बोलल्या काहीच नाहीत.

मोरीतून हिरवा जायला दोन दिवस लागले.
तिचा कागद मी टेबल आवरताना वाचला.
प्रेरणेच्या रकान्यात तीन नावं,
त्यातली दोन खोडलेली.
कालिनाच्या खाली निळ्या पेनाने :
'रंगारी, तिसरा मजला.
नाव कळलं नाही. हयात असावा.'